दोन ताटल्या

"वैजे, बाहेर ये गो! बघ ह्यानं काय उचलून आणलंय!"

सासूचा आवाज असा चढला की मला वाटलं, कुणाचं मढंच आलं दारात. आमच्या घरात तेव्हा आधी मढ्याचाच विचार यायचा. मी पिठाच्या हातानं धावत गेले. अंगणात माझा नवरा उघडाबंब उभा, अंगावरून पाऊस निथळतोय, आणि छातीशी त्याच्याच सदऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी धडपडतंय. सदऱ्याच्या बाहीतून एक पिवळट पाय बाहेर आला होता. नख्या माझ्या करंगळीएवढ्या.

"काकण आहे," नवरा म्हणाला. "खाडीकाठच्या खाजणात तंगुसात अडकली होती."

काकण म्हणजे आमच्याकडचा समुद्रावरचा गरुड. पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी. आमच्या बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ती ओळखू येते. कुणाचा तरी तुटलेला गळ तंगुसाच्या दोरीसकट हिच्या पंखात रुतला होता, आणि सुटायच्या धडपडीत तिनं पंखाचं हाड मोडून घेतलं होतं.

"आणि इथं कशाला आणलीत?" मी म्हटलं. "पंख मोडून घरात बसलेला एक आहे, तो पुरत नाही का?"

बोलून गेले. माझं तोंडच तसलं. बाजारात टोपली पुढ्यात घेऊन बसणारीचं तोंड कसं असणार? नवरा काही बोलला नाही. वर्षभर तो तसाही बोलतच नव्हता.

आदल्या हंगामाच्या अखेरीला आमची होडी वादळात उलटली होती. होडीवर दोघं भाऊ. माझा नवरा हरेश्वर, आणि त्याच्या पाठचा वासू. नवऱ्याला दुसऱ्या होडीवाल्यांनी उचललं, उजवा दंड मोडलेला, खांदा निखळलेला. वासू मिळाला नाही. किनाऱ्याकिनाऱ्यानं माणसं पाठवली, पार बाणकोटपर्यंत. नाहीच मिळाला. मग नवऱ्याचं प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता हात चालवा. पण हा ओटीवर बसला तो बसला. पहाटे माणसं उठायच्या आत खाजणाच्या बाजूला एक फेरी मारायची, आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. कुणी होडीवर बोलवायला आलं की सासूच दारात उभी राहायची. "एक दिला दर्याला," म्हणायची. "हा माझा आहे."

मला काय हवं होतं तेही सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. मला माझा नवरा परत हवा होता. दर्यावर जाणारा, परत आल्यावर दारातूनच "वैजू, चहा टाक" म्हणून ओरडणारा. ओटीवर जो पडला होता त्याला मी ओळखत नव्हते. ह्यापायी माझं आणि सासूचं रोज वाजायचं.

तर त्या दिवशी सासू म्हणाली, "होती तिथं नेऊन ठेव. आपलं आपल्याला जड झालंय."

नवरा हलला नाही. "आये, ही वासूची काकण," म्हणाला.

आमच्याकडे हंगामाच्या पहिल्या जाळ्यातला पहिला मासा काकणीसाठी वर भिरकावायची चाल आहे. सगळेच तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, भिरकावतात. वासू मात्र रोज टाकायचा. शीळ घालायचा, आणि एक काकण खरोखर यायची, पाण्यावर पडायच्या आत मासा उचलायची. ती हीच, असं नवऱ्याचं म्हणणं.

"काकणीच्या तोंडावर नाव लिहिलेलं असतं का?" मी विचारलं.

सासूनं मात्र पदर तोंडाला लावला. मग आत गेली आणि जाळ्यांच्या खोलीची किल्ली घेऊन आली. त्या खोलीचं कुलूप वर्षभरात कुणी उघडलं नव्हतं.

दुपारी दापोलीहून जनावरांचे डॉक्टर सोमण आले, सोबत वनखात्याचा माणूस. डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर फडका टाकला तशी ती एकदम गप्प झाली. गळ कापून काढला, जखम धुतली, पंख अंगाला चिकटवून पट्टी बांधली.

"एवढ्या पावसात घाट चढवून नेली तर वाटेतच जाईल," डॉक्टर म्हणाले. "खोली कोरडी आहे, अंधारी आहे. राहू दे इथंच. मी येत जाईन."

वनखात्याच्या माणसानं मान हलवली. "पण नारळी पुनवेपर्यंतच. तोवर उडली तर इथूनच सोडायची. नाही उडली तर शहरातल्या पिंजऱ्यात."

"किती दिवस?" नवऱ्यानं विचारलं.

"जन्मभर. दुसरं काय करणार?"

नवऱ्यानं त्या बांधलेल्या पंखाकडे बघितलं.

डॉक्टरांनी जाताना बजावलं, "हिच्याशी बोलायचं नाही. लाड करायचे नाहीत. मासा ठेवायचा आणि बाहेर यायचं. माणसाचा लळा लागला तर ही दर्यावर जगायची नाही."

"मासा मी देईन," सासू म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं.

मी रोज खाडीतली ताजी बोय मासळी आणून ओट्यावर ठेवायची. होड्या बंद होत्या, पण खाडीत पाग, हातानं फेकायचं जाळं, टाकणारे होतेच. सासू ती स्वयंपाकघरात न्यायची, आणि थोड्या वेळानं फडक्याखाली ताटली झाकून जाळ्यांच्या खोलीत जायची. मी बाजारात. आत काय चाललंय ते बघायला मला सवड कुठली? काकण खातेय, एवढं कळत होतं.

पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याला पंखाचा व्यायाम शिकवला. तिच्या तोंडावर फडका टाकायचा, तिला मांडीशी धरायचं, आणि पंख हळूहळू उघडायचा, मिटायचा. दुखेल इतका नाही, पण दुखेल त्याच्या जरा अलीकडेपर्यंत.

"तुम्हालाही असंच शिकवलं होतं ना हो?" मी दारातून म्हटलं. "भिंतीवर बोटं चालवा, रोज एक वीत वर. किती विती झाल्या?"

"तिच्यासमोर बोलू नको," नवरा म्हणाला.

तेवढंच. पण दोनचार दिवसांनी मी पाणी भरून आले तर हा मागच्या पडवीत भिंतीला हात लावून उभा. बोटं वर सरकवतोय. कपाळावर घाम. मी हंडा तसाच डोक्यावर घेऊन मागं फिरले आणि विहिरीवर जाऊन उगाच बसले. रडूच आलं मला. पावसात कोण बघतंय!

पाऊस उघडला तसं तिला वाळूवर न्यायचं ठरलं. डॉक्टरांनी तिच्या पायांत मऊ कातड्याच्या पट्ट्या घातल्या, त्यांना लांब दोरी. ती उडेल तशी दोरी सोडायची, आणि ती लांब जायला लागली की हिसका न देता राखायची. हे काम नवऱ्याशिवाय कुणाला जमणार होतं? गळाला मोठा मासा लागला की दोरीला ढील देणं आणि आवरणं, त्यातच त्याचं लहानपण गेलेलं.

त्यानं तिला हातावर घेतलं, फडका काढला आणि हात वर केला. उजवाच हात.

काकणीनं पंख पसरले. केवढे ते पंख! दोन झापा मारल्या आणि धपकन वाळूवर पडली. उठायला गेली तर पाय थरथरत होते. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तर तिनं पंखच उघडले नाहीत. नवरा वाळूत गुडघ्यावर बसून राहिला, आणि मला एकदम भीती वाटली. काकणीची नाही. ही पिंजऱ्यात गेली तर हा माणूस पुन्हा उठणार नाही, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

डॉक्टरांनी तिची छाती चाचपली, पाय दाबून बघितले. कपाळाला आठ्या घातल्या.

"पंख चांगला जुळलाय. पण हिची हाडं मऊ पडताहेत. काय खायला देताय?"

"बोय," मी म्हटलं. "ताजी. मीच आणते."

"अख्खी?"

"मग काय कापून? डोक्यासकट."

डॉक्टर तडक घराकडे वळले आणि जाळ्यांच्या खोलीत गेले. कोपऱ्यात वाकून वाकून बघितलं. बाहेर आले ते विचारत, "एक खवलं नाही खोलीत. एक काटा नाही. काय चाललंय?"

मी सासूकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात वाट अडवून उभी होती. मी तिला बाजूला सारून आत गेले. माझ्या मागून डॉक्टर, त्यांच्या मागून नवरा.

ओट्यावर दोन ताटल्या होत्या. दोन्हींत माशाचं नुसतं पांढरं मांस, पातळ पातळ सोललेलं, एकही काटा नसलेलं. एक शिजवलेलं, पण हळद जेमतेम लागलेली. दुसरं कच्चं. बाजूला काट्यांचा ढीग, जणू कुणी पायली भरायला बसलंय.

"यातली पक्ष्याची कुठली?" डॉक्टरांनी विचारलं.

नवरा त्याच्या ताटलीकडे बघत होता. हाताला प्लास्टर होतं तेव्हा डाव्या हातानं काटे निघायचे नाहीत म्हणून सासू त्याला मासा सोलून द्यायची. प्लास्टर निघूनही कितीतरी महिने झाले होते. ती देत राहिली, तो खात राहिला. आणि मीही रोज बघत होते.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "तिला काटे लागतात. हाडं, खवलं, डोकं, आतडी, सगळं. त्यातूनच तिची हाडं होतात. असं सोलून दिलंत तर ती बसल्या जागी मरेल."

"घशात अडकला असता म्हणजे?" सासू म्हणाली.

"काकणीच्या घशात काटा?" माझा तोल गेला. "आये, ती जन्मली तीच काटे गिळायला! तिलाही घालून ठेवा मांडीवर! एकाला ठेवलाय तो पुरत नाही. कधीपर्यंत भरवणार ह्यांना? म्हातारा होईपर्यंत?"

"वैजू!" नवरा म्हणाला.

सासू भडकेल असं मला वाटलं होतं. मला भांडण हवंच होतं. पण ती खाली बसली. ओट्याला पाठ लावून, पाय पुढे घेऊन, लहान पोरीसारखी बसली.

"तू विचारलंस का गो कधी," ती म्हणाली, "मी मासा का खात नाही ते?"

वर्षभर ती भात आणि आमटी खात होती. आम्ही समजत होतो, पोराच्या नावानं सोडलाय. बायका सोडतात काहीतरी.

"माझा वासू मिळाला नाही," ती म्हणाली. "गेला कुठं तो? ह्याच पाण्यात ना? मग ह्या पाण्यातल्या कुठल्या माशाच्या पोटात काय गेलंय, हे मला कोण सांगणार? तू टोपलीभर मासळी आणतेस, कापतेस, विकतेस. तुला नाही वाटलं कधी काही. मला वाटतं. मी मासा उघडते, आणि बोटानं चाचपून बघते. काटान् काटा काढून बघते. भावाचं काही भावाच्या तोंडात जायला नको." तिनं स्वतःची बोटं पुढे धरली. काट्यांनी टोचून टोचून टोकं काळी पडली होती. "आणि ती काकण. तिला तर त्यानं हातानं भरवलेलं. तिच्याही तोंडात जायला नको."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. वर्षभर मी हिला पोराला कुशीत दडवणारी म्हातारी म्हणत होते, बाजारभर सांगत होते. आणि ही रोज ह्या ओट्यावर आपल्या पोराला शोधत होती.

नवरा तिच्यासमोर बसला. म्हणाला, "आये, वासू बंदराबाहेरच्या खडकाच्याही पलीकडे, भर दर्यात गेला. मी बघितलंय." त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. "माझा हात त्याच्या हातात होता. सुटला. तो इथं नाही आये. खाडीत नाही."

"पाणी एकच," सासू म्हणाली.

"हो," नवरा म्हणाला. "पाणी एकच."

मग दोघं रडले. मी डॉक्टरांना घेऊन ओटीवर आले आणि चहा टाकला. साखर घालायची विसरले, आणि त्यांनी तो तसाच प्यायला.

संध्याकाळी सासू उठली. टोपलीतली अख्खी बोय घेतली, शेपटीला धरून. आम्ही दारातून बघत होतो. तिनं ती काकणीपुढं टाकली, पण मागं सरली नाही. काकणीनं मान वाकडी करून बघितलं, एका पायानं मासा दाबला आणि चोचीनं डोक्याकडून फाडला. काटे मोडल्याचा आवाज आम्हाला दारापर्यंत आला. सासूनं डोळे मिटले नाहीत. माशातलं काहीच न उरेपर्यंत ती तिथं उभी होती.

काकणीचे पाय सावरायला वेळ लागला, पण सावरले. नवरा रोज तिला वाळूवर न्यायचा. आधी ती सुरूच्या बुंध्यापर्यंत जायची, मग बाभळीच्या कुंपणापर्यंत. मग एक दिवस तिनं दोरी पार संपवली आणि नवऱ्याला चार पावलं ओढत नेलं. तो हसला. मी लांबून बघितलं, हसला. वर उंच दुसरी काकण घिरट्या घालत होती, बदकासारखं कर्कश ओरडत होती. ही खालून उत्तर द्यायची.

नारळी पुनवेच्या सकाळी डॉक्टर आले, वनखात्याचा माणूस आला. आणि सासू आली. होडी उलटल्यापासून तिनं किनाऱ्यावर पाऊल टाकलं नव्हतं. नवं लुगडं नेसून आली, हातात नारळ नाही काही नाही, नुसती उभी राहिली.

डॉक्टरांनी कातडी पट्ट्या कापल्या. नवऱ्यानं हात वर केला, आता सरळ डोक्याच्या वर, आणि फडका ओढला.

ती उडाली ती वर नाही, पाण्याकडे. खाली, आणखी खाली. एक लाट तिच्या पोटाला शिवल्यासारखं झालं. "गेली गो," माझ्या तोंडून निघालं. पंखांच्या टोकांनी पाणी उडालं. मग तिनं एक जोराची झाप मारली, अजून एक, आणि लाटेपासून सुटली. वर चढली. खडकाला वळसा घालून इतकी वर गेली की पांढरं पोट तेवढं दिसायचं. दुसरी काकण तिच्याकडे उतरली. नंतर दोघींतली आमची कुठली ते कळेना.

सासू दर्याकडे बघत होती. बघता बघताच म्हणाली, "हरेश, धर्माजी तांडेलाकडे माणूस कमी आहे म्हणतात."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं.

"विचार जा," ती म्हणाली. "उद्या निघतील ते."

वर्षभर मी ह्याच शब्दांसाठी भांडत होते. आणि ते कानावर पडले तशी मी वाळूत बसले. दुसऱ्या दिवशी धर्माजीची होडी खडकामागं दिसेनाशी झाली तेव्हा मी सासूचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. घरी आल्यावर तिनं जाळ्यांची खोली झाडली, धुतली आणि दार उघडंच ठेवलं.

होडी परत आली तेव्हा दिवस कलला होता. "वैजू, चहा टाक!" अंगणातूनच आवाज आला. मी चूल फुंकत होते, धुराचं निमित्त होतं म्हणून बरं झालं.

"पहिला मासा टाकला का?" सासूनं विचारलं.

"टाकला."

"घेतला?"

"घेतला कुणीतरी. लांबून आली, उचलून गेली."

"तीच होती?" मी विचारलं.

"काकणीच्या तोंडावर नाव लिहिलेलं असतं का?" नवरा म्हणाला. माझं वाक्य मलाच परत! मी त्याला झारा दाखवला.

त्यानं पापलेटं आणली होती, आणि थोडी बोय. मी बोयीचं कालवण केलं, आंबट, तिखट, आम्ही करतो तसं. सासूनं वाढलं. नवऱ्याच्या ताटात तिनं अख्खी बोय ठेवली, डोक्यासकट, काट्यांसकट. ठेवली आणि हात मागं घेतला. मग आपल्या पानात भात घेतला आणि त्यावर आमटी ओतायला लागली.

"थांब आये," नवरा म्हणाला.

त्यानं मासा मधोमध उघडला. उजव्या हातानं. मधला काटा ओढून काढला, मग बाजूचे, बारीक बारीक, एकेक. घाई केली नाही. मांस बोटांत धरून चाचपून बघितलं, दिव्याकडे धरून बघितलं. मग तो तुकडा उचलून तिच्या भातावर ठेवला.

सासू त्या तुकड्याकडे बघत राहिली.

"नीट बघितलंस?"

"बघितलं आये. काही नाही त्यात. नुसता मासा आहे."

तिनं भात कालवला, घास केला, तोंडात घातला. बराच वेळ चावत होती. गिळल्यावर पाणी प्यायली. मग दुसरा घास केला.

"वैजे," ती म्हणाली, "मीठ कमी पडलंय गो."

कमी पडलं नव्हतं. मी उठले आणि मीठ आणून दिलं.